स्वावलंबी प्रबंध

"सर, हे वाक्य बरोबर वाटतंय का?" असं विचारून मार्गदर्शकांना हैराण करणाऱ्या पीएचडीवाल्यांत माझा नंबर फार वरचा. शेवटी सरांनी हात जोडले. "अहो, आता आपलं आपण लिहा!"

लगेच मी स्वावलंबी झालो. म्हणजे मित्राचा लॅपटॉप उसना आणला, भाजी निवडायचं टेबल बायकोकडून बळकावलं, मेहुण्याला बसवून टायपिंगचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं, आईच्या मागे चहाची भुणभुण लावली आणि 'दिवाळी अंकांतील जाहिराती' या विषयावरचं पहिलं प्रकरण लिहून काढलं. अगदी एकट्यानं.

मग ते वाङ्‌मयचौर्याच्या तपासणीला गेलं. यूजीसीचे २०१८चे नियम मला तोंडपाठ. साम्य १० टक्क्यांपर्यंत असलं तर माफ, ४०पर्यंत गेलं तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ६०च्या पुढे गेलं तर नोंदणीच रद्द. माझा अहवाल आला : शून्य! इतका अस्सल विचार मराठीत प्रथमच होत असल्याच्या आनंदात मी पेढे वाटत ग्रंथालयात पोचलो, तर तिथल्या मुलानं पेढा तोंडात टाकत सांगितलं, "काका, तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय. आपल्याला मराठी दिसतं, पण यंत्राला इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. युनिकोड करून आणा."

युनिकोड करताना वेलांट्या शेजारच्या अक्षरांवर जाऊन बसल्या, रफार परागंदा झाले, जोडाक्षरांचे घटस्फोट झाले. ते सगळे संसार बायकोनं रात्री जागून पुन्हा जुळवले. नवा अहवाल आला. ३८ टक्के! '१९०९ साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून या परंपरेचा पाया घातला' हे मी घाम गाळून घडवलेलं वाक्य, दिवाळी अंकांवर लेखणी उचललेल्या जवळजवळ प्रत्येकानं माझ्याआधीच घडवून ठेवलं होतं.

सरांनी लाल झालेली पानं मुकाट्यानं उलटली आणि ऋणनिर्देशापाशी ते थबकले. तपासणीत ऋणनिर्देश धरतच नाहीत, त्यामुळे तेवढंच पान पांढरं स्वच्छ उरलं होतं. वाचता वाचता सरांचा चेहरा उजळला. "वा! हे मात्र तुमचं स्वतःचं हं. काय ओघ आहे!"

मी नम्रपणे मान लववली.

ते पान बायकोनं लिहून दिलं होतं.