पहिला जपान: शहरांची वजाबाकी

जपानच्या पहिल्या सहलीची यादी साधारणतः बारा शहरांपासून सुरू होते. सुटी असते दहा दिवसांची. त्यातले दोन दिवस विमानप्रवास खातो. शिवाय प्रत्येक नव्या मुक्कामापायी बॅगा आवरणे, हॉटेल सोडणे आणि दुसऱ्या हॉटेलात खोली मिळेपर्यंत ताटकळणे यात अर्धा दिवस जातो. हा हिशेब मांडला की तीन-चार शहरे उरतात, आणि तो मांडणारा माणूस घरात नावडता होतो.

शहरांची खरी निवड कुटुंब करत नाही, रेल्वे करते. टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, टोकियो ते ओसाका शिन्कान्सेन सुरू झाली. सुमारे ५१५ किलोमीटरचे हे अंतर आज अडीच तासांत कापले जाते. क्योटो याच वाटेवर असल्याने कितीही चर्चा केली तरी पहिली सहल याच रुळावर येते. टोकियो तर वगळताच येत नाही. ते पाहिले नाही तर जपान पाहिला यावर शेजारी विश्वास ठेवत नाहीत.

क्योटो ७९४ पासून १८६८ पर्यंत राजधानी होती, त्यामुळे 'प्राचीन' या सदरात तिला प्रतिस्पर्धी नाही. तिथले सुप्रसिद्ध सोनेरी मंदिर मात्र १९५० मध्ये जळाले. आजची वास्तू १९५५ ची, म्हणजे सहलीतल्या आजोबांपेक्षा लहान. तिसऱ्या दिवशी 'सगळी देवळं सारखीच' हे वाक्य कोणीतरी उच्चारतेच. तो नाराला निघण्याचा मुहूर्त समजावा. क्योटोहून तासाभराच्या आत पोहोचता येत असल्याने मुक्काम लागत नाही. तिथली हरणे बिस्किटांसाठी वाकून नमस्कार करतात आणि हाती लागला तर कागदही खातात. तीन महिने खपून केलेला सहलीचा तक्ता खिशात खोल ठेवावा.

ओसाका हे खवय्यांचे शहर, आणि शाकाहारी मंडळींची परीक्षा नेमकी इथेच. निरागस दिसणाऱ्या सूपचे मूळ पाणी, म्हणजे 'दाशी', बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसावर केलेले असते. तो किस म्हणजे सुकटीचा खानदानी नातेवाईक. खुलासा होईपर्यंत वाटी रिकामी झालेली असते. ओसाकाचा किल्ला १९३१ मध्ये काँक्रीटमध्ये उभारलेला आहे आणि आत लिफ्ट आहे. इतिहासप्रेमी यावर नाक मुरडतात. गुडघेदुखीवाले त्यांना अस्सल, लाकडी, खड्या जिन्यांच्या हिमेजीला खुशाल पाठवतात आणि स्वतः लिफ्टने वर जातात.

हिरोशिमावर वाद होत नाही. ६ ऑगस्ट १९४५ ही तारीख शाळेपासून पाठ असते, आणि तिथे कोणी 'अजून किती वेळ?' विचारत नाही.

पुण्याच्या कुटुंबांत अखेरची काट ओकायामावर बसते. तिथली कोराकुएन बाग तीनशे वर्षांहून जुनी. तिच्याच धर्तीवर सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान उभे राहिले. 'ती तर आपण पाहिलीच आहे' एवढ्या युक्तिवादावर मूळ बाग यादीतून जाते. हिरोशिमाला जाणारी नोझोमी गाडी ओकायामाला थांबते, एखाद-दोन मिनिटे. तेवढ्यात चिवड्याच्या पिशवीची गाठही सुटत नाही.