बोर्डाची तयारी

दहावीचा बोर्ड माणूस एकदा देतो. विषय राहिले तर दोनदा, फार तर तीनदा. दाखल्यासाठी डॉक्टरांपुढे द्यावा लागणारा अपंगाचा बोर्ड मी चार वेळा दिलाय आणि चारही वेळा पास झालोय. त्यामुळे नवशिक्यांना दोन गोष्टी सांगायचा मला अधिकार आहे असं मी समजतो. सरकारी कागदावर आपण दिव्यांग असतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या गेटवरचा शिपाई 'अपंगवाले इकडं' असं ओरडतो, तेव्हा तिकडं जायचं. तिथं शब्दावरून वाद घालू नये, नंबर जातो.

आधी एक फरक समजून घ्या. पहिला बोर्ड आणि पुनर्तपासणी या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. पहिल्यात आपल्याला काय झालंय ते सांगायचं असतं. पुनर्तपासणीत ते अजून बरं का झालं नाही, याचा खुलासा द्यायचा असतो. मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला, डावा पाय गेला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आग्नेय आशिया पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. मी तेव्हा दुकानात टीव्ही बघत होतो. पायाकडे पाहिलं. त्याच्यापर्यंत बातमी पोचलेली नव्हती. पुढे दिव्यांगांची ऑनलाइन कार्डं आली, तेव्हा ऑपरेटरचं बोट घसरलं की सही घाईत झाली देव जाणे, पण माझ्या दाखल्यावर 'तात्पुरते' असं छापून आलं. फरक पडण्याची शक्यता नसेल तर दाखला कायमचा द्यावा, असं नियमच सांगतो. पण माझ्या पायाबद्दल शासनाला अजून आशा होती. घरच्यांनी ती केव्हाच सोडली होती.

अभ्यासक्रम

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते एकवीस केले. '२१ अपेक्षित' प्रश्नसंच घोकून पास झालेल्या आमच्या पिढीला हा आकडा ओळखीचा वाटतो. तिकडं पस्तीसला पास करायचे, इकडं पासिंग चाळीसला आहे. एकोणचाळीस टक्के अपंग म्हणजे नापास. ग्रेस मार्क नाहीत. चाळीस मिळाले की एसटीत पंच्याहत्तर टक्के सवलत, नोकरीत चार टक्क्यांच्या आरक्षणात उभं राहायची मुभा, आणि बाकीच्या अटींत बसलात तर संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. ते महिना पंधराशे होतं, २०२५च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना अडीच हजार झालं. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा पुरावा द्यावा लागतो. तो प्रकार सोपा आहे, त्यात टक्के नसतात.

कार्डाचे रंग पाठ करून ठेवा. चाळीसच्या आत पांढरं, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. रेशनकार्ड वापरलेल्याला हे लगेच कळतं. तिथंही पांढरं म्हणजे तुमचं बरं चाललंय, दुकानात गर्दी करू नका. आणि पिवळ्यासाठी तिथंही माणसं जिवाचा आटापिटा करतात.

साहित्य

आधार, रेशनकार्ड, जुना दाखला, पोर्टलवर भरलेल्या अर्जाची पावती, फोटो, आणि सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स. केसपेपर सकाळी आठच्या आत काढावा. नऊला खिडकीसमोर जी रांग असते तिचं शेपूट प्रसूती विभागाला वळसा घालून येतं.

जुना दाखला लॅमिनेट करू नका. हे मी अनुभवाने सांगतो. माझी आधी एसटीडी बूथची टपरी होती. मोबाइल आले, बूथ गेला, आता तिथंच झेरॉक्स आणि रिचार्ज चालतं. मशीन घरचंच म्हणून मी माझा १९९६चा, तीन डॉक्टरांच्या सह्यांचा दाखला मोठ्या प्रेमाने लॅमिनेट केला. पुनर्तपासणीला गेलो तर क्लार्क म्हणाला, यावर 'रद्द'चा शिक्का मारायचाय, पण शाई धरत नाही. शिक्का बसत नाही म्हणून जुना रद्द होत नाही, जुना रद्द होत नाही म्हणून नवा देता येत नाही. बोर्डाचा एक अख्खा बुधवार त्यात गेला. शेवटी शिपायाने ब्लेडने कोपरा सोलला आणि तेवढ्यात शिक्का बसवला. ओरडणार कुणावर? लॅमिनेशन माझंच होतं, आणि चांगलं झालं होतं.

फोटो आता पासपोर्ट साइजचा चालतो, हे तुमचं नशीब. आमच्या वेळी अपंगत्व दिसेल असा पूर्णाकृती फोटो मागायचे. आमच्या गावचा फोटोग्राफर भला माणूस. त्याने मला खुर्चीवर बसवलं, मागे ताजमहालाचा पडदा सोडला, 'जरा हसा' म्हणाला, आणि टिपायच्या आधी प्लॅस्टिकच्या फुलांची कुंडी हळूच माझ्या डाव्या पायापुढे सरकवली. लग्नाच्या फोटोसाठी तो हेच करायचा. फोटो इतका सुरेख आला की आईने तो एका स्थळालाही पाठवला. बोर्डाने मात्र परत केला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा त्या बिचाऱ्याला पँट गुडघ्यापर्यंत वर करा असं मला सांगवेना. तो नुसताच कॅमेऱ्यात डोकं घालून बसला. शेवटी मीच केली.

केंद्रावर पोचणे

लिफ्ट बंद होती असं मी लिहिणार नाही, ते सगळेच लिहितात. लिफ्ट चालू होती. लिफ्टवाल्याने फक्त 'पेशंट कुठाय?' एवढं विचारलं, कारण माझ्याबरोबर कुणी नव्हतं आणि मी उभा होतो.

वर बाकडं. बाकड्यावर आपापसात गुण विचारायची पद्धत आहे. 'मागच्या टायमाला किती पडले?' 'पंचावन्न.' 'नशीबवान.' यात कुणाला काही वावगं वाटत नाही आणि तुम्हालाही दोन तासांनी वाटणार नाही. नावं पुकारतात तिकडं कान असू द्या. कर्णबधिर मंडळींनाही पुकारूनच बोलावतात, तेव्हा शेजारी कुणी तसा असेल तर त्याला कोपराने ढोसायची जबाबदारी तुमची.

विदर्भातून आमच्याकडे नोकरीला आलेला एक सिकलसेलचा मुलगा माझ्या शेजारी होता. धडधाकट दिसत होता. दुखणं उसळतं तेव्हा त्याला कूसही बदलता येत नाही, पण त्या दिवशी तो सिव्हिलला येणार कसा? आणि येऊ शकतो त्या दिवशी तो बराच असतो. त्याच्या आजाराने बोर्डाचा बुधवार पाळावा एवढीच त्याची अपेक्षा होती.

प्रात्यक्षिक

हा भाग दोनदा वाचा.

आत गेल्यावर डॉक्टर म्हणतात, 'चालून दाखवा.' सहा पावलं जायचं, सहा यायचं. तुम्ही म्हणाल, त्यात काय? त्यातच सगळं आहे. माझ्या आईने माझ्या चालण्यावर पंधरा वर्षं मेहनत घेतली. मांडीला तेल चोळलं, अंगणात चुन्याच्या रेघा मारल्या, आणि मी मांडीवर हात दाबत पाय ओढायला लागलो की ओसरीवरून ओरडायची, 'ओढू नको रे, लोक बघतात!' कॅलिपर घालून मी इतका बेमालूम चालायला शिकलो की कॉलेजात पहिलं वर्षभर काही पोरांना वाटायचं, मी ऐटीत चालतो. पहिल्या बोर्डाला आई बरोबर होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी सवयीने ताठ झालो, अंगणातल्या रेघेवरून जावं तसा गेलो. मागून आई अगदी खालच्या आवाजात म्हणाली, 'ओढ.'

आता चाल ठरवणं तुमच्या हातात आहे. नीट चाललात तर टक्के गेले. फार वाकडे चाललात तर डॉक्टरांच्या भुवया वर जातात, आणि ते आधीच टेकीला आलेले असतात. सकाळपासून तुम्ही साठावे. मधे पडलात तर ते नाटक; पडता पडता सावरलात तर तोल चांगला आहे. मला वाटतं, पहाटे पाणी भरायला उठल्यावर, कॅलिपर नाही, दिवे गेलेत, अशा वेळी जसे चालता तसं चालावं. ते खोटं नाही. ते कुणी पाहिलेलं नसतं, एवढंच.

मग टेबलावर झोपवतात. फीत लावून दोन्ही पाय मोजतात, आणि स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच असे गुण देतात. डॉक्टर तळव्याला हात लावून म्हणतात, 'जोर लावा काका.' इथं नवशिक्या हमखास फसतो. कुणी जोर लावा म्हटलं की जीव खाऊन लावायचा, हे शाळेपासून अंगात भिनलेलं. तुम्ही दात ओठ खाऊन पाय दोन इंच उचलता, डॉक्टर 'व्वा, थ्री' म्हणतात, तुम्हाला बरं वाटतं, आणि घरी आल्यावर कळतं की हे गुण जितके चढतात तितके टक्के उतरतात. बरं, मुद्दाम जोर लावला नाही तर तेही त्यांच्या बोटांना कळतं. माझा पाय या बाबतीत प्रामाणिक आहे, त्याला खोटं बोलण्याइतकीही ताकद नाही.

डॉक्टरांवर चिडू नका. २०२४ साली पुण्यात नेमणूक झालेल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दाखल्यांवरून देशभर गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नियम बदलले, दाखला देण्याची मुदत एका महिन्यावरून तीन महिन्यांवर गेली. पुढे नोकरदारांच्या दाखल्यांच्या फेरतपासण्या निघाल्या. खोटे दाखले काढणारे आहेत, मी स्वतः त्यांच्या झेरॉक्स काढल्यात. पण संशय वरच्या मजल्यावर जन्मला आणि रांग खाली लागली. आता सही करणाऱ्याचाही हात कापतो. चुकून पाच टक्के जास्त पडले तर चौकशी त्याची, कमी पडले तर बस फक्त तुमची चुकते.

निकाल

ज्यांना एकापेक्षा जास्त ठिकाणी अपंगत्व आहे त्यांनी बेरीज करून ठेवू नये. पाय चाळीस आणि हात चाळीस म्हणजे ऐंशी, निळं कार्ड, असं मनात धरून आलेला एक गृहस्थ माझ्यासमोर रडकुंडीला आला होता. त्याचं सूत्र आहे. मोठा आकडा घ्यायचा; नव्वदातून तो वजा करायचा; जे उरेल त्याला लहान आकड्याने गुणून नव्वदाने भागायचं; आणि ते मोठ्यात मिळवायचं. चाळीस आणि चाळीस बासष्ट होतात. म्हणजे पाय आधीच गेलेला असला की हाताची किंमत जवळपास निम्म्याने उतरते. आमच्या गणिताच्या गुरुजींनी हे फळ्यावर लिहिलं असतं तर मी तेव्हाच शाळा सोडली असती.

मला पन्नास पडले. मागच्या वेळीही पन्नासच होते. यात नऊ महिने आणि सहा बुधवार गेले, आणि दाखल्यावर या वेळी 'कायमस्वरूपी' आलं. आडनाव चुकलंय. ते मी दुरुस्तीला देणार नाही.

बाहेर पडल्यावर लगेच ताठ होऊ नका. मी गेटपर्यंत तसाच पाय ओढत आलो, कुणी खिडकीतून बघत असेल तर असावं म्हणून. समोर रसवंती आहे. बोर्डाची माणसं तिथं येऊन मोकळी होतात. माझ्या आधी बाकड्यावर बसलेले एक जण तिथं होते, कापूस जिनिंगच्या मशीनमध्ये उजवा हात गेलेले. आत त्यांना डॉक्टरांनी शर्टाची बटणं लावायला सांगितली होती. डाव्या हाताच्या तीन बोटांनी बटणं लावायला ते चार वर्षं शिकले. त्यांनी वरपासून खालपर्यंत सात बटणं लावून दाखवली, डॉक्टर कौतुकाने बघत राहिले, आणि मागच्यापेक्षा पाच टक्के कमी पडले.

'शहाणपणा नडला,' ते म्हणाले. मग मला कसं लावतात ते दाखवायला त्यांनी सगळी बटणं सोडली आणि पुन्हा लावली. मी दोन हातांनी करून बघितलं. त्यांचं आधी झालं.

रसवाल्याने विचारलं, 'हाफ की फुल?'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, 'चाळीसच्या वर काय बसेल ते दे.'