आधी सड्यावर या

रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, गुरं चारणाऱ्यांनी कातळावर कोरलेली चित्रं कधीपासूनच पाहिली होती. काही ठिकाणी त्यांची पूजाही व्हायची. सरकारी दप्तरात मात्र त्यांतल्या बहुतेक चित्रांचा पत्ता नव्हता. पेशाने इंजिनिअर असलेले सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी वाडीवाडीतून विचारत हिंडले, गुराख्यांशी बोलले, तेव्हा कुठे कातळशिल्पांची यादी वाढत गेली. गोव्यातही तेच घडलं. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळची चित्रं १९९३ साली गावकऱ्यांनी सांगितली, म्हणून अभ्यासक तिथे पोचले.

देशाचा एवढा मोठा ठेवा ज्यांनी दाखवला, त्यांना वारशाचं धोरण ठरताना सगळ्यांत शेवटी विचारलं जातं. मला याचा संताप येतो.

शेवटी म्हणजे कधी? मसुदा लिहून झाल्यावर. मग 'हरकती व सूचना' मागवणारी सूचना निघते. कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, असं केंद्राचं २०१४चं धोरण सांगतं. ३० दिवस पुरतात असं धरू. पण भाषेचं काय? २०२० साली पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत आला. आठव्या अनुसूचीतल्या २२ही भाषांत तो द्या, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आपल्या गावाबद्दलचा कागद आपल्या भाषेत मिळावा म्हणून कोर्टाची पायरी चढावी लागणं ही लाजेची गोष्ट आहे. वारशाच्या बाबतीत तर दुप्पट, कारण भाषा हाच मुळात वारसा.

आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचं मोल ओळखून तो जपणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य आहे, असं संविधानाचं कलम ५१-क १९७६पासून सांगतं. जपायचं आम्ही, आणि काय जपायचं, कसं जपायचं हे ठरवणार दुसरेच?

बारसूचं बघा. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातलं. त्यात बारसू आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत राज्य सरकारने रिफायनरीसाठी केंद्राला जागा सुचवली, तीही बारसूची. एका फायलीत बारसू जगाचा वारसा, दुसऱ्या फायलीत कारखान्याची जमीन. एप्रिल २०२३मध्ये माती परीक्षणाला गाड्या आल्या तेव्हा बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. ज्यांना आधी बोलायला जागा मिळत नाही, त्यांना रस्त्यावरच झोपून बोलावं लागतं. रिफायनरी हवी की नको, हा वाद मी इथे घालत नाही. दोन्ही फायली एकाच वेळी गावापुढे उघडायला हव्या होत्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

वारसा म्हणून गौरव होतो तेव्हाही हीच तऱ्हा. जुलै २०२५मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेले, ऊर भरून आला. पण त्याआधी त्यांतल्याच पन्हाळ्यावर विरोध उठला होता, कारण तिथे गडावरच गाव नांदतं. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीने, हा नियम त्या लोकांना तोंडपाठ आहे. त्यांना गडाचा अभिमान आहे आणि घराची धास्तीही आहे. ती धास्ती नामांकनाच्या पहिल्या दिवशी त्यांच्यासमोर बसून ऐकली असती, तर विरोध करायची वेळच आली नसती.

लोकांना काय कळतं, असं तज्ज्ञ म्हणतात. त्यात तथ्य आहे. जुन्या देवळाच्या कोरीव खांबांना ऑइल पेंट फासणारी माणसं आपल्याच गावातली असतात. ते पाहून माझाही जीव कळवळतो. पण तो रंग लावण्याआधी पुरातत्त्वाचा कोणी माणूस त्या गावात येऊन बसला होता का? मुळात काय बिघडतं, हे कोणी नीट समजावलं होतं का? रत्नागिरीजवळच्या उक्षीत हे समजावलं गेलं आणि कातळातल्या हत्तीभोवती दगडी कुंपण घालायला गाव पुढे आलं.

म्हणून मागणी साधी आहे. वारसा धोरणाचा मसुदा ग्रामसभेत, तिथल्या भाषेत, मोठ्याने वाचा. तोंडी सांगितलेलं म्हणणं लेखी हरकतीइतकंच नोंदवा आणि कोणती सूचना का नाकारली, ते त्याच ग्रामसभेत येऊन सांगा.

पहिली बैठक उक्षीच्या सड्यावरच घ्या. मात्र पावसाआधी या. पाऊस लागला की सड्यावर गवत माजतं, खोबणीत पाणी साचतं आणि नेमकं कुठे काय कोरलंय ते गुराख्यालाच विचारावं लागतं.