जोखमीचा अभ्यास आणि अभ्यासाची जोखीम

अ‍ॅक्च्युअरी म्हणजे विमागणितज्ञ. अमुक वयाच्या हजार माणसांपैकी यंदा किती जातील, हे मांडून तो विम्याचा हप्ता ठरवतो. त्याची परीक्षा घेणारी ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडिया’ 2006 च्या कायद्याने उभी राहिली. जोखीम तोलणे हाच ज्याचा पुढे धंदा होणार, तो उमेदवार अभ्याससाहित्य मात्र बहुधा न तोलता घेतो.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात या बाबतीत पहिला अधिकार मामाचा. मामा भंवरकुव्याचा क्लास सुचवतो. तिथे बँक आणि पीएससीची तयारी करून घेतात, हा आक्षेप टिकत नाही. आकडे तर दोन्हीकडे असतातच. खजुरी बाजारात विचारले की सीएच्या पुस्तकांचा गठ्ठा पुढे येतो. मग कुणाच्या तरी दादाचा जुना संच ‘जवळजवळ फुकट’ मिळतो. तो परीक्षेच्या जुन्या सीटी मालिकेचा असतो. 2019 मध्ये अभ्यासक्रम बदलला आणि सीटी-1 व सीटी-5 मिळून सीएम-1 झाला. पण जाड पुस्तक जुने झाले, हे कोणत्याही घराला पटत नाही.

परीक्षेचे प्रश्न निघतात ते ‘कोअर रीडिंग’वर, म्हणजे नेमलेल्या मूळ मजकुरावर. ‘अ‍ॅक्टेड’ या ब्रिटिश प्रकाशनाच्या नोट्समध्ये हा मूळ मजकूर ठळक टायपात आणि त्यावरचे स्पष्टीकरण साध्या टायपात छापलेले असते. ही सोय फार मोलाची. उमेदवार हायलायटर घेऊन दोन्ही पिवळे करतो आणि सोय संपते. सीएस-1 या संख्याशास्त्राच्या विषयाचा दुसरा पेपर संगणकावर ‘आर’ या भाषेत, सीएम-1 चा एक्सेलमध्ये सोडवायचा असतो. त्यावर घरचा उपाय ठरलेला: आणखी एक पुस्तक.

सूत्रांचे नि सारण्यांचे पुस्तक मात्र घ्यावेच लागते. त्यातली एएम-92 ही मृत्युसारणी 1991 ते 1994 या काळातल्या ब्रिटनच्या विमाधारक पुरुषांवरून केलेली आहे. भारतीय विमाधारकांची 2012–14 ची स्वतंत्र सारणी आहे, विमा कंपन्या तीच वापरतात. परदेशीपुऱ्यातला मुलगा मात्र साहेबाच्या मरणावर हप्ते काढायला शिकतो.

सरावाच्या गणिताची उणीव या भागात तरी भासू नये. पलीकडची हुकुमचंद कापड मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीचा 224 कोटींचा धनादेश निघाला डिसेंबर 2023 मध्ये. सीएम-1 च्या सुरुवातीच्या धड्यांत शिकवतात ते ‘वर्तमान मूल्य’ इथे लावून पाहावे: व्याजदर आठ टक्के धरला, तर 32 वर्षांनी हाती आलेल्या एक लाखाची 1991 मधली किंमत साडेआठ हजारांच्या आसपास भरते. ज्या आजोबांचे नाव त्या थकबाकीच्या यादीत होते, त्यांना हे सूत्राशिवायच कळलेले असते. नातू तेवढ्यात लंडनच्या वार्षिकीचे उदाहरण सोडवत असतो.

मागच्या परीक्षांच्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. परीक्षक काय मागतो, हे त्यांच्याइतके चोख कोणतेही पुस्तक सांगत नाही. पण त्यांना पैसे पडत नाहीत, म्हणून खरेदीच्या यादीत त्यांचे नाव नसते आणि अभ्यासात त्यांची पाळी परीक्षेच्या आदल्या रात्री येते.