त्या टोकापलीकडेच

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर टोफिनो नावाचं गाव आहे. तिथे हमरस्ता संपतो आणि कायाक-गाईड सुरू होतो. वय पंचविशीच्या आसपास, पायांत रबरी बूट, दाढीत मीठ, आणि डोक्यावर एक टोपी, जी दुकानात कधीतरी नवी असेल यावर विश्वास बसत नाही. गाईड मुलगी असेल तर दाढी वगळा, बाकी सगळं तेच.

त्याला पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात: किती लांब? तो वल्ह्यानं पुढे दाखवतो. "त्या टोकापलीकडेच." कोकणातल्या आडवाटेवर "ह्ये काय, इथंच" म्हणणारे आजोबा ज्या मापानं मोजतात, तेच याचं माप. टोक येतं, आणि पलीकडे आणखी एक टोक असतं. क्लॅक्वॉट साउंड म्हणजे नुसती बेटं, खाड्या आणि टोकं, त्यामुळे याचा धंदा कायमचा सुरक्षित आहे.

भीतीची प्रत्येक गोष्ट तो लहान करून सांगतो. लाट छातीपर्यंत आली की समुद्र "जरा खेळकर" असतो. पाणी भर उन्हाळ्यातही दहा-बारा अंशांच्या आसपास, ते "ताजंतवानं करणारं". मुसळधार कोसळत असताना तो म्हणतो, धुकं आज थोडं जड आहे. टोफिनोत वर्षाला सुमारे ३,३०० मिलिमीटर पाऊस पडतो हे तो अभिमानानं सांगतो. रत्नागिरीकरावर या आकड्याचा काही परिणाम होत नाही, ही गोष्ट त्याला लागते.

माणसं ओळखण्यात मात्र तो पक्का. दोघांच्या कायाकला हे लोक आपसात 'घटस्फोटाची बोट' म्हणतात. पुढच्यानं लय धरायची, मागच्याच्या पायांशी सुकाणूचे पेडल. नवरे न विचारता मागे बसायला निघतात. हा गोड हसून सांगतो, "पुढून देवमासे छान दिसतात," आणि बाईंना मागे बसवतो. काम फत्ते.

किनाऱ्यावर उतरलं की भाषण सुरू. हा सीडार, ही सिटका स्प्रूस, हा हेमलॉक. सीडारच्या खोडावरची लांब उभी खूण दाखवून तो सांगतो, इथल्या नू-चा-नुल्थ लोकांनी साल सोलून नेली तरी झाड जगलं. कायाक उत्तरेकडच्या लोकांची, इथली होडी म्हणजे अख्ख्या सीडारमधून कोरलेली, तीत बसून ही माणसं देवमाशाच्या शिकारीला जात. हे सगळं खरं आहे. मग १९९३ सालचं आंदोलन येतं. जंगलतोडीविरुद्ध लोक रस्त्यावर बसले, ८०० हून अधिक जणांना अटक झाली. "आम्ही ट्रक अडवले," तो म्हणतो. तेव्हा त्याचा जन्म झालेला नव्हता, पण आवाज असा चढतो की कुणी हिशेब करत नाही.

यानंतर केळ्याएवढी पिवळी, बिनशंखाची गोगलगाय हुडकून तो विचारतो, कुणी चाटून बघणार? जीभ बधिर होते म्हणे. प्रत्येक गटात एक इंजिनिअर चाटतो.

सर्वांत गंभीर व्याख्यान शौचाचं. ठिकाण भरतीच्या रेषेखाली, म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र स्वतः येऊन साफसफाई करतो. तो वाळूत नकाशा काढतो. शहरात तीन-तीन न्हाणीघरांच्या घरांत राहणारी माणसं वहीत टिपणं घेतात. ओहोटीला त्याच पट्ट्यात काळं अस्वल दगड उलटून खेकडे खात फिरतं, हे तो शेवटी सांगतो, जाता जाता.

पण पहाटे हाच गाईड वेगळा असतो. चहा उकळत असतो आणि रेडिओवर हवामानाचा सपाट आवाज: दीपगृहांवरून आलेले वाऱ्याचे आकडे, लाटांची उंची. एस्टेवन पॉइंटचं नाव आलं की एरवी त्यानं १९४२ साली जपानी पाणबुडीनं त्या दीपगृहावर तोफा डागल्याची गोष्ट सांगितलीच असती. आता नाही. आता तो वहीत लिहितो. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा वारा उठतो, म्हणून निघायचं ते सकाळीच. आकडा मनासारखा नसला तर तो म्हणतो, "आज नाही." हजारो डॉलर भरलेले गृहस्थ वाद घालतात, समुद्र तर आरशासारखा दिसतोय म्हणतात. तो दुसरा चहा ओततो. पैसे आपण या दोन शब्दांचे देतो, विनोद फुकट असतात. बहुतेकांना हे उलटं वाटतं आणि ते बक्षिशी विनोदांवर देतात.

पावसाळी थंडी आली की टोफिनोतलं काम आटतं. करडे देवमासे मेक्सिकोच्या बाहा किनाऱ्याकडे पोहत निघतात, आणि यांच्यातले बरेच जण जुनाट व्हॅनमधून त्याच दिशेला. तिथे देवमासा पिलं जन्माला घालतो आणि महिनोन्‌महिने जवळजवळ उपाशी राहतो. गाईड पिलं घालत नाही आणि उपाशी तर मुळीच राहत नाही.