बंबवाले अप्पा

पेठेतला वाडा पडून तिथे सोसायटी उभी राहिली, तेव्हा बाकीच्या बिऱ्हाडांनी बिल्डरकडून पार्किंग लिहून घेतलं. अप्पांनी तळमजल्यावर, मागच्या अंगाला, बंबापुरती जागा लिहून घेतली. असा एक अप्पा गावोगाव असतो. गिझर त्यांच्याही घरी आहे, तो सुनेसाठी.

तांबट आळीतून आजोबांनी आणलेला तांब्याचा बंब हेच त्या घरातलं खरं ज्येष्ठ माणूस. अप्पा त्याला चिंच-मिठाने घासतात. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली जाळी. पाणी न भरता पेटवला तर डाख वितळून सांधे सुटतात, ही सूचना घरात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मिळते. सुनेला माप ओलांडल्या ओलांडल्या मिळाली होती.

पूर्वी वखारीत खास बंबफोड लाकूड मिळायचं, बंबाच्या तोंडात मावेल असं बारीक फोडलेलं. पण जळण विकत घेणं अप्पांना कमीपणाचं वाटतं. ते टिंबर मार्केटात पटेलशेठच्या सॉ मिलवर जाऊन बसतात. करवतीखालून सालीकडच्या फळ्या निघतात, चौकटीच्या मापात न बसलेले तुकडे निघतात. इतरांना ते पोत्याच्या भावाने. अप्पांना फुकट, कारण अप्पा आलेल्या गिऱ्हाइकाला "हा साग नव्हे हो" असं मोठ्याने सांगतात. "न्या अप्पा, पण आत्ताच न्या," शेठ हात जोडतात.

पोतं स्कूटरवर दोन पायांमध्ये धरून घरी येतं आणि वर्गवारी सुरू होते. बाभळीचा निखारा टिकतो, म्हणून ती नरकचतुर्दशीसाठी राखीव. आंबा थोरल्या जावयासारखा : लगेच पेटतो, लगेच विझतो. ताज्या कापलेल्या लाकडात कधी कधी वजनाच्या निम्मं पाणी असतं. ते आधी स्वतःचंच पाणी आटवत बसतं आणि धूर शेजाऱ्यांना देतं. त्यामुळे गच्चीवर वाळवण असतं, आणि ते वाळवण सोसायटीच्या प्रत्येक सभेत असतं. पोत्यात चुकून प्लायवूड निघालं, तर अप्पा ते चिमट्याने बाजूला काढतात. त्याच्या गोंदाचा धूर विषारी, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, मात्र "असल्या कपाटात लोक कपडे ठेवतात!" हे ते सुनेच्या कपाटाकडे बघत म्हणतात.

नातवाने एकदा हिशेब मांडला. चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठवर न्यायला दोन युनिटसुद्धा वीज लागत नाही. स्कूटरचं पेट्रोल त्याहून महाग.

"आणि राख?" अप्पांनी विचारलं. "गिझर राख देतो?"

काकू भांडी कधीपासून लिक्विडने घासतात. राख डब्यांत साठते आहे.

अप्पांना घरी बोलावणं मात्र जोखमीचं. ते खुर्चीवर बसत नाहीत, आधी तिला उलटी करतात, नखाने खरवडतात, वास घेतात. सगळं फर्निचर त्यांना आंघोळींत मोजता येतं. आमच्या नव्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी टिचक्या मारल्या, वाकून पाय पाहिले आणि मान डोलावली.

"अस्सल सागवान. पंधरा दिवस सहज जातील."

"अहो," बायको स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "जिन्यातली तिवई आधी आत घ्या, मग त्यांना पोचवायला जा."