कुठल्याच देशाची नसलेली संस्कृती

संस्कृतिरक्षणासाठी आपल्याकडे मोर्चे निघतात, परिसंवाद होतात. मायक्रोसॉफ्टने हे काम २००२ सालीच उरकून टाकलं. ‘डॉटनेट’ या त्यांच्या प्रोग्रामिंगच्या चौकटीत संस्कृतीसाठी एक क्लासच आहे, ‘कल्चरइन्फो’. मराठी माणसाची अख्खी संस्कृती तिथे ‘एमआर-आयएन’ एवढ्यात मावते. ती निवडली की तारखेत दिवस आधी, मग महिना, मग साल. अमेरिकेची निवडली की महिना आधी. जपानची निराळीच तऱ्हा: सम्राट बदलला की कालगणनेचं नाव बदलतं. २०१९ मध्ये ‘रेइवा’ हे नाव १ एप्रिलला जाहीर झालं आणि १ मेपासून लागू झालं. मधल्या महिन्यात नव्या राजवटीची धावपळ दरबाराइतकीच प्रोग्रामरांचीही झाली.

ज्यांना कुणाचीच बाजू घ्यायची नाही, त्यांच्यासाठी ‘इन्व्हेरिअंट कल्चर’ आहे. तिचा कुठल्याही देशाशी संबंध नाही, असं कागदोपत्री स्पष्ट नमूद आहे. या स्थितप्रज्ञ संस्कृतीला तारीख विचारा. ती महिना आधी सांगते! संन्याशाच्या झोळीत वॉशिंग्टनचं रेशनकार्ड निघावं, तसं.

आणि प्रोग्रामरने काहीच निवडलं नाही, तर मशीनची संस्कृती लागू होते. मशीन पुष्कळदा अमेरिकी सेटिंग घेऊनच टेबलावर येतं आणि ते बदलणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

याची झळ बसते ती १ जूनवाल्यांना. महाराष्ट्रातली एक पिढीच्या पिढी १ जूनला जन्मली. आईला आठवायचं ते ‘पाऊस तोंडावर आला होता’ एवढंच. बाकीचं गुरुजींनी शाळेच्या दाखल्यात भरलं. आता अमेरिकी सेटिंगच्या एक्सेलमध्ये ०१/०६/१९६५ टाकून बघा. एक्सेल कुरकुरत नाही. ६ जानेवारी समजून मोकळं होतं, आणि वर पडद्यावर १/६/१९६५ असंच दाखवतं, म्हणजे बघणाऱ्याला शंकाही यायला नको. जो माणूस ३१ मेला हारतुरे घेऊन निवृत्त व्हायचा, तो या हिशेबाने ३१ जानेवारीलाच घरी. ६ जानेवारी हा आमचा पत्रकार दिन. ‘दर्पण’ १८३२ साली त्याच दिवशी निघालं. एवढी मंडळी एका रात्रीत आमच्या गोतावळ्यात आली याचा आनंदच आहे, पण मधल्या चार महिन्यांचा पगार कुणी द्यायचा?

२५ जूनवाल्याचं मात्र निभावतं. पंचविसावा महिना एक्सेललाही सापडत नाही, म्हणून ते त्या तारखेला तारीखच मानत नाही. साधा मजकूर समजून रकान्यात डावीकडे टाकून देतं. चुकलेल्या तारखा उजवीकडे, एका रांगेत, शिस्तीत उभ्या. अशा यादीत डावे ते बरोबर आणि उजवे ते बहुतेक चूक. (हे राजकीय विधान नव्हे, कृपया पत्रं पाठवू नयेत.) वर्षातल्या १३२ तारखांना हा धोका आहे. ५ मे, ६ जून अशा जोडतारखा तेवढ्या दोन्हीकडे सुखरूप.

साल, महिना, दिवस या क्रमाने लिहा, असं आयएसओने १९८८ मध्येच ८६०१ क्रमांकाच्या मानकात सांगून ठेवलंय. प्रोग्रामर ते पाठ म्हणून दाखवतात आणि फॉर्मवर तीन चौकोन काढून मोकळे होतात, कुठला कशाचा हे न लिहिता.

यंत्र ऐकत नसेल तर माणसाने ऐकावं, असा पायंडाही पडला आहे. ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशा नावांची मानवी जनुकं एक्सेलला तारखा वाटायची. शास्त्रज्ञ वैतागले, आणि २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. जनुकं एवढी समजूतदार, मग येणाऱ्या बाळांनी का अडून बसावं? सिझेरियनचा मुहूर्त काढणाऱ्या मंडळींना म्हणून विनंती: नक्षत्र कुठलंही असू द्या, तारीख तेवढी बाराच्या पुढची धरा.